शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई



स्मरणिकेत आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या आठवणी लिहिल्या असतील. कवायतीचे मैदान, सहल, गॅदरिंग, खाल्लेला मार, सारे त्यात येईलच. मी मात्र एका अशा बाईंविषयी लिहिणार आहे, ज्यांचा आपल्या बीबीशी काही संबंध आल्याचे मला माहीत नाही. त्यांचा एक शब्द मात्र आपल्या गावात रोज शंभर वेळा उच्चारला जातो. अंगणवाडी. सकाळी खिचडीचा वास आला की लहान पोरे डबा घेऊन जिकडे धावतात ती अंगणवाडी. या नावामागे आणि कल्पनेमागे पद्मभूषण ताराबाई मोडक होत्या.

मी वीस वर्षांहून अधिक काळ अंगणवाडी सेविका म्हणून काम केले. नोकरीच्या प्रशिक्षणात ताराबाईंचे नाव एका ओळीत येऊन गेले होते. पुढे त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र हाती आले, आणि मग मिळेल तिथून मी ताराबाईंविषयी वाचत गेले. वाचताना सारखे वाटायचे की ही नुसती बालवाडीची गोष्ट नाही. शाळा आणि मुलांचे आईबाप यांनी एकमेकांशी बोलायचे कसे, या प्रश्नाला या बाईने सारा जन्म वाहिला. आपल्या मेळाव्याला जे आले आहेत त्यांना आणि जे येऊ शकले नाहीत त्यांनाही हा प्रश्न लागू आहे. म्हणून हा लेख.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे. मुलींनी शिकावे, सभेत बसावे, आपले मत मांडावे, असे त्या काळी फार थोड्या घरांत चाले. हे त्यांपैकी एक घर. ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. त्या काळात आपल्या वऱ्हाडातल्या खेड्यांत मुलीच्या हाती पाटी दिसणे हीच नवलाई होती.

पुढे त्यांचे लग्न अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी झाले आणि त्या वऱ्हाडात आल्या. म्हणजे आयुष्याची काही वर्षे तरी ताराबाई आपल्या भागातल्या होत्या. हा संसार टिकला नाही. १९२१ साली तो मोडला. कडेवर लहान मुलगी, पाठीशी नवरा नाही, आणि समाजाची नजर कशी असते ते आपल्याला सांगायला नको. अशा वेळी त्या माहेरी जाऊन बसल्या नाहीत. काठेवाडात राजकोटला मुलींच्या अध्यापक विद्यालयाच्या, बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या, त्या प्रमुख झाल्या. पगार चांगला होता, मानही होता.

काठेवाडातच भावनगर. तिथल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाल्यावर त्याला वाढवायचे कसे म्हणून ते वाचू लागले, आणि इटलीतल्या डॉ. मारिया माँटेसरी यांच्या विचारांपर्यंत पोचले. तिथून त्यांनी वकिली सोडली ती कायमचीच. ताराबाईंनी हे काम पाहिले आणि १९२३ साली चांगली नोकरी सोडून त्या भावनगरला गेल्या. मोठ्या मुलींच्या कॉलेजची प्रमुख अडीच-तीन वर्षांच्या पोरांत जाऊन बसली. लोकांच्या दृष्टीने ही उतरंडच होती. ताराबाईंना ती चढण वाटली असावी, कारण त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

इथे माँटेसरीबाईंविषयी थोडे सांगते. त्यांची पहिली बालशाळा १९०७ साली रोम शहरातल्या सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत, मजुरांच्या चाळीतच भरली. आईबाप दिवसभर कामाला जात आणि पोरे जिन्यांतून, बोळांतून हिंडत. म्हणून शाळा त्याच इमारतीत आणली. त्या शाळेचे नियम लिहिलेले होते आणि त्यांतले काही मुलांसाठी नसून आईबापांसाठी होते. मूल स्वच्छ पाठवायचे, आणि आईने आठवड्यातून निदान एकदा बाईंना भेटून मुलाविषयी बोलायचे. या बोलण्यात बाईंनी आईला उपदेश करायचा, एवढेच नव्हते. मूल घरी कसे वागते हे आईने सांगायचे, शाळेत कसे वागते हे बाईंनी सांगायचे. दोघींची मिळून मुलाची ओळख पुरी होणार. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. शंभर वर्षांपूर्वी एका शाळेने मान्य केले होते की मजुरी करणाऱ्या आईजवळ असे काही ज्ञान आहे, जे शिक्षिकेजवळ नाही.

भावनगरात ताराबाईंनी गिजुभाईंबरोबर सुमारे नऊ वर्षे काढली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. गिजुभाई आणि ताराबाई दोघांच्याही ध्यानात आले होते की बालमंदिरात तीन तास मुलाला प्रेमाने वागवून पुरत नाही. मूल उरलेले एकवीस तास घरी असते. तिथे त्याला भीती घालून जेवू घालत असतील, बागुलबुवा दाखवून झोपवत असतील, पाहुण्यांपुढे कविता म्हणायला लावून चुकले की टपली मारत असतील, तर शाळेने केलेले घरी पुसले जाणार. म्हणून आईबापांशी बोलले पाहिजे. सगळ्यांना भेटणे शक्य नाही, म्हणून लिहिले पाहिजे. यातून ‘शिक्षणपत्रिका’ निघाली. आधी गुजरातीत, आणि १९३३पासून मराठीत. मराठी पत्रिकेच्या संपादक ताराबाईच होत्या आणि कितीतरी वर्षे त्यांनी ते काम वाहिले.

ही पत्रिका शिक्षक आणि पालक दोघांसाठी होती. आज हे साधे वाटते. पण त्या काळी शिक्षणावरचे लेखन म्हणजे मास्तरांनी मास्तरांसाठी लिहिलेले. मुलाचा हट्ट, खोटे बोलणे, अंधाराची भीती, भावंडांचा मत्सर, जेवणातली कटकट, मारणे आणि शिस्त, असे घरातले विषय छापून येणे आणि त्यावर शांतपणे विचार होणे हेच नवे होते. ताराबाईंचे लेखन मी जेवढे वाचले त्यात आईबापांना अपराधी ठरवण्याचा सूर मला दिसला नाही. मूल असे का वागत असेल, हे त्या आधी उलगडून दाखवतात. कारण कळले की रागाचा जोर ओसरतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

१९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाले. बालमंदिर आणि त्याला जोडून शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर. आता पालक शिकलेले होते, पांढरपेशे होते. पण शिकलेल्या पालकांशी बोलणे सोपे असते असे समजू नका. अशा बालमंदिरात मूल महिनाभर मणी ओवते, पाणी ओतते, दांड्याचे खोके उघडते-मिटते, आणि अक्षर एक गिरवत नाही, हे पाहून भल्याभल्या पालकांचा धीर सुटतो. अक्षर गिरवणाऱ्या बोटांना आधी ताकद यावी लागते, मोजण्याआधी वस्तू हाताळाव्या लागतात, हे पालकांना पटवणे हे अशा शाळेचे अर्धे काम असते. आपल्याकडे तालुक्याच्या गावी आज तिसऱ्या वर्षी पोराच्या पाठीवर दप्तर चढते, त्याअर्थी ते काम अजून उरलेलेच आहे.

दादरचे काम नावारूपाला आले होते. ताराबाईंनी तिथेच राहून म्हातारपण सुखात काढले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. पण त्यांना एक गोष्ट टोचत होती. माँटेसरीबाईंची शाळा मजुरांच्या चाळीत सुरू झाली होती, आणि आपल्या देशात मात्र ती पैसेवाल्यांच्या पोरांची झाली होती. साहित्य महाग, फी जास्त, शिक्षिका शहरी. खेड्यातल्या, हरिजनवाड्यातल्या, आदिवासी पाड्यातल्या मुलाला यातले काहीच मिळत नव्हते. त्याच सुमारास, १९४५च्या आरंभी, सेवाग्रामला गांधीजींनी नई तालीमचा विस्तार केला आणि शाळेआधीच्या वयाचे शिक्षणही त्यात आणले. त्याच वर्षी ताराबाई ठाणे जिल्ह्यातल्या, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या, समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेव्हा त्यांचे वय त्रेपन्न होते. आपण सारे आता जवळपास त्याच वयाचे आहोत, हे मुद्दाम ध्यानात आणून देते.

त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. लहानपणी लग्न होऊन काही महिन्यांतच विधवा झालेल्या, मग जिद्दीने शिकून शिक्षिका झालेल्या. ताराबाईंची गाठ पडली आणि अनुताई त्यांच्यामागे बोर्डीला आल्या त्या कायमच्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर. एकीची दृष्टी आणि दुसरीचे हातपाय, असे काही लोक म्हणतात, पण मला ते पुरेसे वाटत नाही. अनुताईंची दृष्टीही तेवढीच स्वच्छ होती.

बोर्डीला बालवाडी उघडली. जागा होती, शिकवणाऱ्या होत्या, पण वस्तीतली मुले यायला हवीत ना! आई पहाटे कामाला गेलेली. पोराला धुणार कोण, विंचरणार कोण, शाळेपर्यंत आणून सोडणार कोण? शिवाय गावातल्या शाळेच्या दारात आपल्या पोराला कोणी मानाने उभे करील यावर हरिजनवाड्यातल्या आईबापांचा विश्वास बसायला काही कारणही नव्हते. अशा वेळी साधारणपणे शाळा काय म्हणते ते आपल्याला ठाऊक आहे. या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही, असे म्हणते आणि हजेरीपट मिटते. ताराबाईंनी हजेरीपट मिटला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे जाईल, असे ठरले. वस्तीतल्या एखाद्या घराचे अंगण झाडायचे, पोरे गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे आणि तिथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू करायचे. अंगणात भरणारी वाडी ती अंगणवाडी.

महागड्या साहित्याचा प्रश्नही तिथेच सुटला. समुद्रकाठी शंखशिंपले पडलेले, झाडाखाली बिया आणि पाने, ओढ्यात गोटे, कुंभाराकडे माती, रानात बांबू. लहान-मोठे, जड-हलके, गुळगुळीत-खरखरीत, सारे यातून शिकवता येते. माँटेसरीबाईंचा विचार तोच, वस्तू मात्र गावच्या.

पण अंगणवाडीचा खरा चमत्कार मला दुसरीकडे दिसतो. शाळा अंगणात भरली की आई, आजी, शेजारीण साऱ्यांच्या डोळ्यांसमोर भरते. भाकरी थापता थापता आई पाहते की आपला न बोलणारा पोरगा गाण्यावर हात हलवतो आहे. आजी ओट्यावर बसून ऐकते की बाई पोराला नावाने हाक मारते, शिवी देऊन नाही. यासाठी नोटीस काढावी लागत नाही, सभा बोलवावी लागत नाही, चहा-बिस्किटांचा खर्च नाही. आणि बाईलाही दिसते की घरात खाणारी तोंडे सात आहेत आणि डबा एकच आहे. ज्या घराची चूल आपण पाहिली आहे, त्या घरच्या पोराला आपण गैरहजर राहिला म्हणून उगाच बोलत नाही.

१९५७ साली हे काम बोर्डीहून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारल्यांचे पाडे. हा मुलूख कसा होता ते थोडे सांगावे लागेल. ज्या १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच वर्षी या भागात गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. लग्नाच्या खर्चासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने जन्मभर सावकाराकडे राबायचे, अशी तिथली रीत. त्यांना लग्नगडी म्हणत. पिढ्यान्पिढ्या शहाण्या, कपडे घातलेल्या माणसाने आपल्याला फसवलेच आहे, हा ज्यांचा अनुभव, त्यांच्या पाड्यात आता दोन पांढरपेशा बायका पोरांना शाळेत पाठवा म्हणून सांगणार होत्या.

पासष्टीच्या ताराबाईंनी इथे उपदेशाला सुरुवात केली नाही. मुले का येत नाहीत, याचाच शोध घेतला. उत्तरे साधी निघाली. मोठी बहीण येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मुलगा येत नाही, कारण त्याला गुरे राखायची असतात. ज्याचे वय वाढले तो येत नाही, कारण तो दिवसभर मजुरीला जातो. यातले एकही कारण आळसाचे नव्हते. तेव्हा शाळाच त्याप्रमाणे बदलली. बहिणीला भावंडासकट यायला सांगितले आणि भावंडासाठी शाळेला लागूनच पाळणाघर केले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, एकमेकींना जोडून, ही त्यांची विकासवाडी. गुराख्यांसाठी शिक्षक कुरणात गेले. गुरे चरतात तोवर झाडाखाली वर्ग भरायचा, ती कुरणशाळा. आणि दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा.

मला वाटते पालकांशी संवाद म्हणतात तो हाच. आईबाप तोंडाने काहीच बोलले नव्हते. ते कागदावर लिहू शकत नव्हते, सभेत उभे राहू शकत नव्हते. पण पोराला शाळेत न पाठवून ते जे सांगत होते, ते ताराबाईंनी नीट ऐकले. आणि उत्तरही शब्दांत दिले नाही, पाळणा टांगून दिले.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या. कोसबाडचे काम अनुताईंनी पुढे नेले, १९९२ साली स्वतः जाईपर्यंत. ताराबाई गेल्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. आज काश्मीरपासून केरळपर्यंत हा मराठी शब्द चालतो. तो कुठून आला हे मात्र आपल्याकडेच कितीजणांना माहीत असते!

आता आपल्याकडे वळते.

आपल्या वेळी शाळा आणि घर यांच्यात निरोप्या एकच होता, आणि तो म्हणजे आपण स्वतः. प्रगतिपत्रक आपणच न्यायचे, आपणच वाचून दाखवायचे, आणि बापाची सही किंवा अंगठा आपणच आणायचा. ज्यांच्या घरी कोणाला वाचता येत नव्हते, त्यांच्या घरी शेरा काय वाचला जायचा हे मेळाव्यात एकमेकांना विचारा, दुपार जाईल हसण्यात. पालकांना घेऊन येण्याचा हुकूम म्हणजे तर साक्षात फाशीच. कारण बापाला शाळेत बोलावणे एकाच कारणासाठी व्हायचे, पोराने काहीतरी केले आहे म्हणून. बाप शेतातून चिखलाच्या पायांनी यायचा, व्हरांड्यात टोपी हातात धरून उभा राहायचा आणि मान खाली घालून परत जायचा. त्या बापाला पोराच्या गुणाविषयी कोणी काही सांगितल्याचे मला तरी आठवत नाही.

याला मोठा अपवाद होता आपल्याच गुरुजनांपैकी काहींचा. जूनमध्ये सायकलवर वाडी-तांड्यांपर्यंत जाऊन नावे घालून घेणारे सर आपण पाहिले आहेत. संध्याकाळी पारावर बसून एखाद्या म्हाताऱ्याला नातीचे नाव काढू नका म्हणून समजावणाऱ्या बाईही पाहिल्या आहेत. त्यांनी ताराबाईंचे नाव ऐकले असेल-नसेल, पण काम तेच केले. आपल्यातल्या दोघी-तिघी आज नोकरीत आहेत, त्या अशाच एका संध्याकाळमुळे. त्या गुरुजनांपैकी जे आज मेळाव्याला बसले आहेत, त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

पण ज्यांच्या अंगणात कोणी गेले नाही, त्यांचे काय? मेळाव्यासाठी जुने हजेरीपट काढून यादी करायचे काम सुरू झाले तेव्हा पाचवीच्या यादीतली कितीतरी नावे दहावीच्या यादीत नव्हती. त्यांत मुली जास्त. कोणी सातवीनंतर लग्न होऊन गेली. कोणी घरचे लहान भावंड सांभाळायला थांबली. कोणी आईबापांबरोबर कामाच्या गावी गेली आणि परत आली तेव्हा वर्ग पुढे निघून गेला होता. आज त्यांचा फोन नंबर कोणाजवळ नाही, म्हणून ग्रुपवर त्यांचे नावही नाही. कोसबाडला पाळणाघर लागले ते नेमके अशाच मुलींसाठी. बीबीतही त्यांची अडचण तीच होती.

आता काळ बदलला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात किमान पाऊण सदस्य पालक, आणि निम्म्या स्त्रिया. कागदावर यापेक्षा चांगले काय असणार? पण सभा भरते सकाळी अकराला, आणि अकराला आपल्याकडची बाई एकतर सोयाबीनच्या सोंगणीला असते नाहीतर कपाशीच्या वेचणीला. सभेसाठी दिवसाची मजुरी बुडवायची हे तिला परवडत नाही. मग रजिस्टर घरी जाते, सही होऊन येते. शाळेचे व्हॉट्सअॅप ग्रुपही आहेत. सूचना क्षणात जाते, पण ज्या घरी एकच फोन आहे आणि तो बापाच्या खिशात पुण्याला किंवा सुरतेला गेलेला आहे, तिथे ती कोणापर्यंत पोचते? दिवाळी झाली की काही कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, आणि मागे म्हातारीजवळ ठेवलेल्या किंवा बरोबर नेलेल्या पोरांची शाळा तिथेच थांबते. हंगामी वसतिगृहाची सोय सरकार करते, पण ती आहे हे त्या आईला गाडी निघण्याआधी कोणीतरी घरी जाऊन सांगावे लागते. गाडी निघून गेल्यावर ग्रुपवर टाकलेली सूचना कोणाच्याच कामाची नाही.

माझ्या कामात मी गृहभेटी पुष्कळ केल्या. त्यातून एवढे शिकले की पहिल्या भेटीत तक्रार घेऊन जायचे नाही. पोराचे काहीतरी चांगले सांगायचे. त्याने मातीचा बैल केला, तिने धाकट्याला गाणे शिकवले, असे काहीही, पण खरे. आई आधी संशयाने पाहते, कारण शाळेकडून चांगली बातमी येते हे तिला ठाऊकच नसते. मग चहा ठेवते. आणि चहा उकळेपर्यंत ती जे सांगते, ते कुठल्याही नोंदवहीत मिळत नाही. पोरगा रात्री ओरडून उठतो, नवरा पितो, पुढच्या महिन्यात आम्ही निघणार आहोत, सगळे. माँटेसरीबाईंच्या चाळीतला तो आठवड्याचा नियम आणि ताराबाईंचे अंगण, दोन्ही मला अशा चुलीपाशी बसूनच समजले.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काय द्यावे याची चर्चा ग्रुपवर बरेच दिवस चालू आहे. कोणी प्रवेशद्वार म्हणतात, कोणी पंखे, कोणी संगणक. ते जरूर द्यावे, माझाही वाटा आहेच. पण त्याबरोबर एक गोष्ट सुचवते, जिला पैसा फारसा लागत नाही. आपल्यापैकी जे बीबीत आणि आसपासच्या गावांत राहतात, त्यांनी मुख्याध्यापकांशी बोलून दरवर्षी दोन वेळा शिक्षकांबरोबर घरोघर जावे. एकदा जूनमध्ये, सातवी-आठवीच्या मुलींच्या घरी. दुसऱ्यांदा दिवाळीच्या आधी, बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांच्या घरी. पालकसभा महिन्यातून एकदा तरी संध्याकाळी दिवेलागणीनंतर भरवावी, आणि शाळेच्या हॉलपेक्षा एखाद्या वस्तीतल्या अंगणात भरवावी. जे बाहेरगावी आहेत, त्यांनी सुट्टीत आल्यावर एक संध्याकाळ द्यावी. गावातलाच शिकून मोठा झालेला माणूस अंगणात येऊन बसला, तर आईबाप त्याच्याजवळ मोकळे बोलतात, कारण तो त्यांना अमक्याचा पोरगा म्हणून ओळखत असतो.

आणि हजेरीपटातून गळालेल्या आपल्या त्या मैत्रिणींचाही शोध घ्यावा. त्या कुठे दिल्या गेल्या हे त्यांच्या माहेरच्या शेजाऱ्यांना नक्की माहीत असेल. त्या आता आज्या झाल्या असतील. त्यांच्या नाती कितवीला आहेत, रोज शाळेत जातात का, एवढे तरी विचारून यावे. माझ्या ओळखीच्या तिघींची नावे मी समितीकडे दिली आहेत. त्यांच्याकडे जायला कोणी सोबत येणार असेल तर मला कळवावे. मी येत्या रविवारपासून मोकळी आहे.